फुगा: वर नेतो, आतून दाबतो

(बसमध्ये आहात, इअरफोन घरी राहिले, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं? तुमच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले "अं", "म्हणजे" आणि मधेच वाजलेली प्रेशर कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो तसंच.)

 

आजचा विषय सांगितला तेव्हा माझा लहान भाऊ हसला. म्हणाला, "फुग्यावर अख्खा एपिसोड? वाढदिवस कोणाचा आहे?" त्याला म्हटलं, वाढदिवसाशी संबंध आहे बाबा, पण तू समजतोस तसा नाही. ते शेवटी कळेल.

सुरुवात करतो माझ्या एका चुकीपासून.

मी तेव्हा सातवीत होतो. पोळ्याच्या सुट्टीत मामाकडे गेलो होतो, सेलू तालुक्यात. कपाशीच्या शेतात मला आणि मामेभावाला एक पांढरी डबी सापडली. थर्माकोलची, हातात मावेल एवढी. तिला लांबच लांब दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला फाटलेल्या रबराच्या चिंध्या. आम्हाला वाटलं, पाकिस्तानचं काहीतरी आहे! मग आम्ही काय केलं? दगडानं फोडलं. आत एक छोटं सर्किट निघालं, बॅटरी निघाली. बॅटरी आम्ही टॉर्चला लावून पाहिली, चालली नाही. मामा आला आणि एकच वाक्य बोलला, "कायले हात लावला बे त्याले? कोणाचं हाय, कायचं हाय, काही मालूम हाय का?"

मालूम नव्हतं. आज आहे. म्हणून हा भाग.

फुग्याची दोनच कामं

फुग्याचे विचित्र उपयोग शोधायला बसलं तर यादी मोठी होते. पण मला असं दिसलं की मुळात फुगा दोनच कामं करतो. एक, तो वर नेतो. दोन, तो आतून दाबतो. बस. बाकी सगळी हुशारी माणसाची, की हे काम कुठे वापरायचं.

आणि गंमत म्हणजे या दोन्ही कामांची उदाहरणं शोधायला मला अमेरिकेत जावं लागलं नाही. पहिलं आपल्या वर्धा जिल्ह्याच्या आकाशातून जातं. दुसरं सेवाग्रामच्या प्रसूती विभागात सापडतं.

आधी आकाशाकडे बघू.

रोज दोनदा सुटणारा फुगा

मला सापडलेली डबी म्हणजे बहुतेक हवामान खात्याचा रेडिओसाँड. नाव मोठं आहे, काम साधं आहे. रबराच्या मोठ्या फुग्यात हायड्रोजन भरतात, खाली ही डबी बांधतात आणि सोडून देतात. डबी वर जाता जाता तापमान, आर्द्रता, हवेचा दाब मोजते आणि रेडिओवरून खाली कळवते. ती कुठे कुठे सरकत गेली त्यावरून वाऱ्याची दिशा आणि वेग कळतो.

जगभरात आठशेहून जास्त ठिकाणांहून असे फुगे सुटतात, आणि जवळजवळ एकाच वेळी. आपल्याकडच्या घड्याळात ती वेळ पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास येते. आपल्या सगळ्यात जवळचं केंद्र नागपूरला.

आता प्रश्न: नागपूरचा फुगा सेलूच्या कपाशीत कसा? पावसाळ्यात जमिनीजवळचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, हे शाळेत शिकलोय. पण दहा-पंधरा किलोमीटर वर गेलात की त्याच दिवसांत वारा उलटा असतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे, आणि जोरदार. नागपूरहून पश्चिमेला-दक्षिणेला निघालं की वर्धा. आला आमच्याकडे!

फुगा वर जातो तसा फुगत जातो. कारण वर हवा विरळ, बाहेरून दाबणारं कोणी नाही. जमिनीवर दीड-दोन मीटरचा फुगा वर जाऊन एखाद्या खोलीपेक्षा मोठा होतो. तीसेक किलोमीटरवर रबर ताणून ताणून फुटतं आणि डबी खाली येते. आम्हाला सापडल्या त्या चिंध्या म्हणजे तेच रबर.

तुमच्या मोबाइलवर "उद्या मेघगर्जनेसह पाऊस" असं जे येतं ना, त्यामागे उपग्रह असतात, रडार असतं, आणि हा फुगासुद्धा असतो. ढगाच्या आत आणि वर हवा किती ओली, किती गरम, हे जागेवर जाऊन मोजणारा गडी तोच.

हैदराबादचे मोठे फुगे

हा झाला छोटा फुगा. आता मोठा.

हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं, बलून केंद्र आहे. १९६९ पासून. होमी भाभांना वैश्विक किरणांचा अभ्यास करायचा होता. हे किरण अंतराळातून येतात आणि हवेला धडकून बदलतात. मूळ रूपात पकडायचे तर हवेच्या वर जायला हवं. रॉकेट महाग, आणि ते वर काही मिनिटंच राहतं. फुगा स्वस्त, आणि तासन्‌तास तरंगतो. म्हणून भाभांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासूनच फुगे सोडायला सुरुवात केली होती.

हे फुगे रबराचे नसतात, पॉलिथिनचे असतात. आपल्या कॅरीबॅगपेक्षा कितीतरी पातळ. आकार? पूर्ण फुगल्यावर ५० ते ८५ मीटर व्यास. म्हणजे एका फुग्यात दहा-पंधरा मजली इमारत उभी राहील. पण जमिनीवरून सुटताना तो असा दिसत नाही. तळाशी लोळणाऱ्या लांब पिशवीसारखा दिसतो, आणि फक्त वरच्या टोकाला थोडासा गॅस असतो. असं का? कारण ४० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या शेकडो पट कमी. तिथे तोच थोडासा गॅस पसरून अख्खी पिशवी भरून टाकतो. खालीच पूर्ण भरला असता तर वर जाताना केव्हाच फाटला असता.

हे फुगे ३० ते ४२ किलोमीटरपर्यंत जातात. विमान दहा-बारा किलोमीटरवरून जातं, त्याच्या तिप्पट-चौपट. तिथून क्ष-किरण दुर्बिणींनी आकाश पाहिलं गेलं, कारण ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण हवेतून खाली पोचतच नाहीत. २०१५ मध्ये भारतानं ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह सोडला. त्यावरची काही उपकरणं टीआयएफआरची. फुग्यांवर शिकलेलं पुढे उपग्रहावर गेलं.

जंतू पकडायला फुगा

पण माझा सगळ्यात आवडता उपयोग वेगळाच आहे, आणि त्यात आपला मराठी माणूस आहे. जयंत नारळीकर.

नारळीकरांना तुम्ही विज्ञानकथांमुळे ओळखत असाल. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल. हॉईल यांचं म्हणणं होतं की जीवसृष्टीचं बी अंतराळातून पृथ्वीवर आलं असावं. आता असं म्हणणं सोपं, तपासायचं कसं? तर इतक्या उंचीवर जाऊन हवा गोळा करायची, जिथे खालचे जंतू सहसा पोचत नाहीत. तिथे काही जिवंत सापडतं का बघायचं.

इस्रो आणि टीआयएफआरच्या मदतीनं २००१ मध्ये एक उड्डाण झालं. दुसरं एप्रिल २००५ मध्ये. दुसऱ्या फुग्याचा आकार २ कोटी ६७ लाख घनफूट. खाली ४५९ किलोचं सामान. त्यात स्टेनलेस स्टीलच्या १६ नळ्या, आतून पूर्ण निर्जंतुक आणि हवा काढून टाकलेल्या. नळ्या थंड ठेवायला ३८ किलो द्रवरूप निऑन. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर वेगवेगळ्या टप्प्यांवर एकेक नळी उघडायची, हवा आत ओढायची, बंद करायची. मग फुग्यापासून सामान सुटं करून पॅराशूटनं खाली.

ते नमुने हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या प्रयोगशाळांत तपासले गेले. २००९ मध्ये इस्रोनं जाहीर केलं: जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या, आणि त्यात तीन जिवाणू अगदी नव्या जातीचे, अतिनील किरणांना टक्कर देणारे. एकाला हॉईल यांचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं.

म्हणजे एलियन सापडले? नाही. आणि इस्रोनंही तसा दावा केला नाही. हे जिवाणू बाहेरून आलेत हे यातून सिद्ध होत नाही, असं त्यांनी स्वतःच स्पष्ट म्हटलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र तुम्हाला वेगळंच काही आलं असेल!

आता जरा विचार करा. हे सगळं सामान खाली कुठे येतं? प्रयोगशाळेच्या अंगणात नाही. वारा नेईल तिथे, कोणाच्या तरी वावरात. १६ नळ्यांपैकी एखादीची झडप कोणी "बघू तरी आत काय आहे" म्हणून फिरवली असती, तर ४१ किलोमीटरची हवा आणि वावरातली हवा एक झाली असती. प्रयोग संपला. वर्षानुवर्षांची मेहनत गेली. मी सातवीत जो दगड उचलला होता, तसा एक दगड पुरेसा होता.

वावरात काही पडलं तर

म्हणूनच हैदराबादहून उड्डाणं असली की तिकडून जिल्हा प्रशासनांना कळवतात आणि पेपरात सूचना येते. विदर्भ-मराठवाड्यातल्या जिल्ह्यांची यादी असते, त्यात वर्ध्याचंही नाव असतं. आपण ती बातमी न वाचता पान उलटतो. तिच्यातलं सार सांगतो:

एक, मोठं रंगीत पॅराशूट, त्याला दोरानं बांधलेली पेटी, किंवा पॉलिथिनचा प्रचंड ढीग दिसला तर हात लावू नका. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असू शकते.

दोन, पेटीवर पत्ता आणि फोन नंबर असतो. तिथे कळवा, नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा.

तीन, कळवणाऱ्याला बक्षीस मिळतं. पण उघडून पाहिलं असेल तर नाही. हे वाचून माझ्या मामेभावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि घाबरू नका. आपल्याकडे घाबरायला कारण आहे, मान्य. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवते? विदर्भाच्या आकाशातून आगीचे गोळे गेले, आपण सगळे मोबाइल घेऊन गच्चीवर. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात धातूचं कडं पडलं. ते होतं रॉकेटचे अवशेष. ते जळत येतं, वेगात येतं. फुग्याचं सामान तसं येत नाही. ते पॅराशूटला लटकून हळूहळू, शांतपणे उतरतं. फरक लक्षात ठेवा.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यातल्या एका गावाच्या शेतात घुमटासारखी एक गोल वस्तू उतरली. लोकांना वाटलं उडती तबकडी. सेल्फीला गर्दी! ती होती एका स्पॅनिश कंपनीची चाचणीसाठीची केबिन. पुढे माणसांना फुग्यानं ३५-४० किलोमीटरवर नेऊन पृथ्वीची गोलाई दाखवायची, असा त्यांचा बेत. आणि सुटली कुठून होती? हैदराबादच्या त्याच केंद्रातून.

तर हे झालं फुग्याचं पहिलं काम. आता दुसरं. इथून पुढे आवाज थोडा गंभीर होईल, सांभाळून घ्या.

आतून दाबणारा फुगा

सायकलचं टायर आठवा. टायर जाड असतं, पण ट्यूबशिवाय ते लुळं. ट्यूब आत फुगते आणि टायरला सगळीकडून सारखं दाबते. टायरचा आकार कसाही असो, ट्यूब त्या आकाराची होते. फुग्याचं दुसरं काम हेच. अरुंद जागेतून रिकामा आत जायचा, आत गेल्यावर फुगायचं आणि भिंतीला सगळीकडून सारखं दाबायचं.

तुमच्या आजोबांची अँजिओप्लास्टी झाली असेल, तर त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत असाच इवलासा फुगा गेला होता. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेयास ग्रुंट्सिग या डॉक्टरनं पहिल्यांदा हे केलं. त्याआधी ते फुगे तो घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवायचा. लघवीची नळी लावलेला पेशंट पाहिला असेल, ती फॉली कॅथेटर. ती निसटू नये म्हणून तिच्या टोकालाही आत एक छोटा फुगा असतो.

पण मला बोलायचंय ते एका वेगळ्या फुग्याबद्दल. त्याची गोष्ट आमच्या घरातून सुरू होते.

माझी मोठी काकू मला फोटोतच माहीत आहे. तिसऱ्या बाळंतपणात ती गेली. बाळ झालं, रडलं, सगळे खूश. आणि मग रक्त थांबेना. गावातून जीप निघाली, रस्त्यातच संपलं. आजी अजून तेवढंच सांगते, "बाई हसत होती वं, अन् अर्ध्या घंट्यात पांढरी पडली."

माझी आई आशा कार्यकर्ती आहे. मी तिला विचारलं की असं अर्ध्या तासात कसं काय होतं? तिनं मला जे समजावलं, ते नंतर वाचून अजून नीट कळलं.

गरोदरपणाच्या शेवटी गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. बाईच्या अंगात एकूण रक्त पाचेक लिटर. बाळ बाहेर आलं, वार सुटून आली, की वार जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. मग सगळ्याच बाया का जात नाहीत? कारण गर्भाशयाचे स्नायू जाळीसारखे विणलेले असतात. बाळंतपणानंतर ते आवळतात, आणि त्या जाळीत रक्तवाहिन्या गाठ मारल्यासारख्या बंद होतात. निसर्गाची ही गाठ बसली नाही, गर्भाशय सैल राहिलं, तर नळ उघडाच.

आई म्हणाली, "अन् रक्त किती गेलं ते डोळ्यानं कळत नाही. चादरीत मुरते, फरशीवर पसरते. थोडंच वाटते."

पंधरा मिनिटं

मोठ्या दवाखान्यात अशा वेळी गर्भाशयात फुगवायचे तयार फुगे मिळतात, पण ते महाग. बांगलादेशात, ढाका मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. सायेबा अख्तर यांच्यासमोर बाया मरत होत्या आणि तसा फुगा परवडत नव्हता. त्यांनी जे हाताशी होतं ते घेतलं. एक निर्जंतुक रबरी नळी आणि एक कंडोम. हो, कंडोम. हसू नका, किंवा हसा आणि पुढे ऐका.

कंडोम नळीच्या टोकावर घट्ट बांधायचा, गर्भाशयात ठेवायचा, आणि नळीतून सलाइन सोडायचं. २०० ते ५०० मिलिलीटर. कंडोम आत फुगतो, गर्भाशयाच्या भिंतीला सगळीकडून दाबतो. सायकलची ट्यूब! उघड्या रक्तवाहिन्यांवर आतून दाब बसतो. हवा भरत नाहीत, कारण हवा रक्तात शिरली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय पाणी किती भरलं ते नीट मोजता येतं.

२००३ मध्ये त्यांनी २३ बायांचा अनुभव प्रसिद्ध केला. सगळ्यांचा रक्तस्राव पंधरा मिनिटांच्या आत थांबला. सगळ्या वाचल्या. जे साधन कुटुंबनियोजनाच्या पेटीत फुकट मिळतं, त्यानं हे केलं.

ही कल्पना मग जगभर गेली. भारतातही वेगवेगळ्या ठिकाणी डॉक्टरांनी आपापल्या पद्धतीचे फुगे केले. अमेरिकेतल्या एका गटानं कंडोम, नळी, सिरिंज असं सगळं एका पाकिटात देणारा स्वस्त संच बनवला. तो वापरून पाहणाऱ्या आणि शिकवणाऱ्या ठिकाणांत आपलं सेवाग्राम होतं, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. ही संस्था सुरू झाली १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं, खेड्यातल्या माणसासाठी डॉक्टर घडावेत म्हणून. योगायोग बघा, हैदराबादचं बलून केंद्रही १९६९ चंच.

फुगा दरवेळी जिंकत नाही

आता इथे थांबलो असतो तर एपिसोड छान, गोड झाला असता. "शंभर रुपयांच्या जुगाडानं वाचतो जीव", असं थंबनेलही झालं असतं. पण ते अर्धं खरं झालं असतं.

पहिलं उदाहरण नागपूरचं, आपल्यापासून तासा-दीड तासावर. गरोदरपणात ब्लडप्रेशर वाढलं की कधी कधी कळा मुद्दाम सुरू कराव्या लागतात. त्याचा एक मार्ग म्हणजे फॉलीच्या नळीचा फुगा गर्भाशयाच्या तोंडाशी ठेवायचा, त्या दाबानं तोंड उघडू लागतं. दुसरा मार्ग, मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडावाटे. कुठला चांगला? नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ६०२ बायांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. २४ तासांत नैसर्गिक प्रसूती झाली ती गोळीच्या गटात ५७ टक्के, फुग्याच्या गटात ४७ टक्के. इथे फुगा हरला.

दुसरं उदाहरण जास्त महत्त्वाचं. आफ्रिकेत बेनिन आणि माली या देशांत रक्तस्राव झालेल्या बायांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाला गोळीबरोबर कंडोमचा फुगा, दुसऱ्याला नुसती गोळी. फुग्याच्या गटाला जास्त फायदा झालाच नाही. उलट चिंता वाटावी असे आकडे आले. का? याचं एक कारण असं सांगता येईल: फुगा बसवण्यात वेळ गेला, आणि जी बाई तोवर ऑपरेशनच्या टेबलावर किंवा रक्ताच्या बाटलीपाशी असायला हवी होती, ती थांबून राहिली.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अट घातली. फुगा वापरा, पण आधीची औषधं देऊन झाल्यावर. आणि तिथेच वापरा, जिथे शिकलेली माणसं आहेत, रक्त आहे, आणि गरज पडली तर ऑपरेशनची सोय आहे. म्हणजे फुगा हा शेवटचा इलाज नाही आणि पहिलाही नाही. तो मधला आहे. वेळ मिळवून देणारा.

२०२३ मध्ये अजून एक मोठा अभ्यास आला, चार आफ्रिकी देशांतल्या ८० रुग्णालयांचा. त्यात बाळंतिणीखाली एक मापं छापलेली प्लास्टिकची पिशवी ठेवली, रक्त मोजलं, आणि ठरलेल्या रेषेपर्यंत आलं की मालिश, औषधं, सलाइन सगळं एकदम सुरू केलं. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारे मृत्यू यांसारख्या घटना ६० टक्क्यांनी कमी झाल्या. फुगा नाही, मोजमाप. आई म्हणाली होती ना, डोळ्यानं कळत नाही? अगदी तेच.

मग आपण काय करायचं?

हे मी आईला उत्साहानं सांगत होतो. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "बरं. पण गाडीच वेळेवर नाही आली तं तुया फुग्याचं काय करू?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. मग तिनंच सांगितलं ती गावात काय सांगत फिरते. तुमच्या घरात बहीण, वहिनी, शेजारची ताई गरोदर असेल तर हे ऐका, कारण घरात मोबाइल पटकन चालवणारे आपणच असतो:

प्रसूती दवाखान्यातच. कुठला दवाखाना, तिथे रक्ताची सोय आहे का, नसेल तर पुढे कुठे नेतात, हे नवव्या महिन्याच्या आधी विचारून ठेवा.

१०८ आणि १०२ हे नंबर सेव्ह करा, आणि एका खासगी गाडीवाल्याचाही. रात्री दोनला नंबर शोधत बसायचं नाही.

रक्तगट माहीत करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या चुकवू देऊ नका. ज्या बाईत रक्त आधीच कमी, तिला थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

घरी आल्यावरही तासात एकापेक्षा जास्त पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, हातपाय गार पडत असतील, तर "होतं असं बाळंतपणात" म्हणून वाट बघू नका. निघा.

आणि एक राहिलं: हा फुगा घरी करायची गोष्ट नाही. तो शिकलेल्या हातांचं काम आहे.

शेवटचं

सुरुवातीला म्हटलं होतं, वाढदिवसाशी संबंध आहे. काकूचा मुलगा, माझा चुलत दादा, आता तिशीत आहे. त्यानं कधी वाढदिवस केला नाही. लहानपणी वाटायचं, दादाला फुगे आवडत नाहीत. त्याचा वाढदिवस म्हणजे त्याच्या आईचा शेवटचा दिवस, हे कळायला मला वेळ लागला. गेल्या वर्षी त्याच्या बायकोचं बाळंतपण होतं. दवाखाना, गाडी, रक्त, सगळं आईनं आधी ठरवून ठेवलं होतं. काहीच अडचण आली नाही, कुठल्याही फुग्याची गरज पडली नाही. परवा मुलीचा पहिला वाढदिवस झाला. दादानं स्वतः फुगे फुगवले, तोंडानं, दमेपर्यंत.

तर मंडळी, फुगा स्वस्त असतो. वर नेतो, आतून दाबतो. त्याचं काम तो करतो. वावरात पडलेली पेटी न फोडणारा माणूस आणि वेळेवर गाडी बोलावणारा माणूस, हे काम मात्र आपलं.

हा भाग आवडला तर एकाच माणसाला पाठवा, ज्याच्या घरी पाळणा हलणार आहे त्याला. आणि तुमच्या वावरात कधी काही आकाशातून पडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. फोडलं असेल तरी सांगा, मी कोणाला सांगणार नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!